वाढत्या अंगाचा पोल

आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेतात. जूनमध्ये घेतलेला शाळेचा शर्ट पहिल्या वर्षी गुडघ्याशी सलगी करतो, दुसऱ्या वर्षी बरा बसतो आणि तिसऱ्या वर्षी धाकट्याकडे जातो. या पद्धतीबद्दल माझी काही तक्रार नाही, मी स्वतः तसाच वाढलो. तक्रार आहे ती हीच पद्धत पोल व्हॉल्टच्या पोलला लावणाऱ्यांबद्दल. त्याहून जास्त, ती लावायला लावणाऱ्या विक्रेत्यांबद्दल. "जरा जड आकड्याचा घ्या, पुढच्या वर्षीही चालेल" हे वाक्य गेल्या दोन मोसमांत इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकतो. हा सल्ला काटकसरीचा नाही. यात पोरांची हाडं मोडू शकतात.

थोडी पार्श्वभूमी. आमची कन्या दहावीत आहे आणि इथल्या हायस्कूलच्या संघात पोल व्हॉल्ट करते. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला 'बांबू उडी' म्हणायचे, आणि ते नाव अगदी बरोबर होतं. कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं १९४२ साली ४.७७ मीटरचा विश्वविक्रम केला तो खऱ्याखुऱ्या बांबूवरच, आणि तो १९५७ पर्यंत टिकला. १९६१ मध्ये फायबरग्लासच्या पोलवर पहिला विश्वविक्रम झाला आणि खेळच बदलला. बांबू वाकतो थोडाच. काचतंतूंचा पोल धनुष्यासारखा वाकतो, तुमच्या धावण्याची ऊर्जा पोटात साठवतो आणि सरळ होताना ती परत देतो. बांबू घेताना लांबी आणि वजन पाहिलं की काम भागायचं. आता पोल विकत घ्यायचा म्हणजे एक स्प्रिंग विकत घ्यायची आहे, आणि लोक अजून बांबूच विकतायत.

जुन्या पोलची ठरलेली जाहिरात बघा: "१३ फूट, १४० पौंड, दोनच मोसम वापरलेला, उत्तम स्थितीत." बस्स. जुनी गाडी विकताना कुणी "लाल रंग, चार चाकं, चालते" एवढंच लिहिलं तर तुम्ही फोन तरी कराल का? इथे मात्र लोक फोन करतात, पैसेही देतात, कारण शाळकरी मापाचा नवा पोल पाच-सहाशे डॉलरच्या आसपास जातो आणि एका पोलवर कुणाचंच भागत नाही. मूल वेगानं धावायला लागलं की ताठ पोल लागतो, मूठ वर गेली की लांब पोल लागतो, समोरून वारा असला की परत एक पायरी खाली यावं लागतं. एका मोसमात तीन-चार पोल सहज लागतात. ज्यांच्याकडे पैसा आहे ते अख्खी मालिका नवी घेतात. बाकीच्यांसाठी शाळेच्या शेडमधला खजिना, नाहीतर हा जुना बाजार. म्हणजे या बाजारात खोटं बोललं की फटका नेमका कुणाला बसतो ते सांगायला नको.

आता त्या १४० पौंडांकडे वळू. बहुतेक पालकांना वाटतं की हा पोलचा एखादा मोजलेला गुणधर्म आहे, म्हणजे दोरखंडावर लिहिलेलं असतं तसं 'एवढा भार सोसतो'. तसं अजिबात नाही. ती कंपनीची शिफारस आहे: साधारण इतक्या वजनाच्या, शेंड्याजवळ पकडून नीट उडी मारणाऱ्या खेळाडूसाठी. प्रत्यक्ष मोजतात तो आकडा वेगळा, त्याला फ्लेक्स म्हणतात. पोल दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मध्यावर ५० पौंडांचं वजन टांगायचं आणि तो किती सेंटीमीटर खाली आला ते मोजायचं. आकडा लहान तितका पोल ताठ. समजा, एकाचा १८.४ आणि दुसऱ्याचा १८.९ असेल, तर पहिला ताठ, दुसरा मऊ. इतकं सोपं आहे. मी गॅरेजमध्ये दोन घोड्या, जिममधल्या वजनाच्या तबकड्या आणि एक पट्टी घेऊन हे करतो. बायको म्हणते, याच्यापेक्षा गॅरेज आवरलं असतं तर बरं झालं असतं. असो.

गंमत अशी की कंपनी प्रत्येक पोलचा फ्लेक्स दशांशापर्यंत मोजते आणि मग त्याला पाच-पाच पौंडांच्या डब्यात टाकते. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्लोटचं इंटीजर करून विकते. त्यामुळे १४० लिहिलेले दोन पोल शेजारी ठेवलेत तर एक १४५ ला टेकलेला असू शकतो आणि दुसरा १३५ कडे झुकलेला. मालिकेत पायऱ्या समान हव्यात असं प्रत्येक कोच सांगतो, आणि या दोन पोलांत लेबलवर शून्य पायऱ्या आहेत, हातात मात्र जवळजवळ एक. कंपनीनं पोलवर फ्लेक्स लिहिलेला असतो किंवा सीरियल नंबरावरून सांगता येतो. तरीही जाहिरातीत तो दहातल्या नऊ वेळा नसतो. विचारला तर उत्तर येतं, "तो टेक्निकल आकडा आहे, काळजी करू नका." काळजी करण्यासारखा तोच एक आकडा आहे हो!

फ्लेक्स कळला म्हणजे सगळं कळलं असंही नाही, आणि इथे अर्धवट माहिती असलेले विक्रेते दुसरा घोळ घालतात. १३ फुटीचा फ्लेक्स आणि १४ फुटीचा फ्लेक्स एकमेकांशी लावायचे नाहीत. टेकूंमधलं अंतर वाढलं की झोळ त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. नळी तीच ठेवून १३ चे १४ केलेत तर आकडा सुमारे २५ टक्क्यांनी फुगतो, पोल मात्र तोच. तीच गोष्ट कंपन्यांची. नेवाडातल्या कार्सन सिटीचा स्पिरिट, गिलचा पेसर, स्वीडनचा नॉर्डिक, यांचे आकडे एकाच रांगेत मांडून "हा त्याच्यापेक्षा मऊ" म्हणणं म्हणजे पुण्याच्या आणि मुंबईच्या रिक्षांची मीटरं ताडून बघण्यासारखं आहे. मोजायची पद्धत एक नाही. शिवाय पोल कसा बनतो ते बघा: धातूच्या दांड्यावर काचतंतूंच्या कापडाचे थर गुंडाळायचे, त्यात मधल्या भागासाठी निमुळता कापलेला एक जादा तुकडा घालायचा (त्याला 'सेल' म्हणतात, म्हणजे शीड), आणि भट्टीत भाजायचं. हे शीड कुठे सुरू होतं, किती रुंद आहे, यावर पोल खाली वाकतो की वर, लवकर सरळ होतो की सावकाश, ते ठरतं. मध्यावर टांगलेल्या वजनाला त्यातलं फारसं काही कळत नाही. कार्बन मिसळलेले पोल हाताला हलके लागतात आणि सरळही चटकन होतात, पण ठेच लागलेली त्यांना कमी खपते. म्हणून मालिका शक्यतो एका कंपनीची, एका जातीची ठेवावी. "तीन वेगवेगळ्या ब्रँडचे, पण सगळे १४० चे" असा गठ्ठा विकणारा माणूस तुम्हाला मालिका विकत नसतो, अडगळ विकत असतो.

याच कारणानं कापलेल्या पोलपासून लांब राहा. खालून सहा इंच कापला की शीड सहा इंच खाली सरकलं. आता तो कंपनीनं बनवलेला पोलच राहिला नाही, आणि त्याच्यावरचं लेबल म्हणजे नुसती आठवण.

आता वाढत्या अंगाकडे येऊ. जड आकड्याचा पोल घेतला तर काय बिघडतं? पोल वॉल्टरला घेऊन उभा झाला पाहिजे, तरच तो गादीवर पडतो. पोल ताठ असेल आणि वेग पुरत नसेल तर तो अर्ध्यावर थांबतो. मग दोनच वाटा राहतात: आलात तसे मागे धावपट्टीवर, किंवा सरळ खाली त्या वीस सेंटीमीटर खोल खड्ड्यात, जिथे पोल टेकवला होता. गादी पुढे आहे. मागे कुणी गादी घालत नाही. २००२ साली अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतरानं तीन तरुण वॉल्टर गेले, त्यानंतर शाळा-कॉलेजच्या गाद्या मोठ्या करण्यात आल्या. चांगलं झालं. पण गादी कितीही मोठी केलीत तरी मागे फेकल्या गेलेल्या पोराला तिचा काय उपयोग? आणि यावर "मग मूठ खाली धर, चालून जाईल" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. मूठ खाली आली की पोल आखूड होतो, म्हणजे आणखी ताठ होतो. वाकण्याचा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो, तेव्हा १३ फुटी १४० वर सहा इंच खाली धरलंत तर तो ढोबळमानानं १५० सारखा वागतो. मैदानावरचा जुना ठोकताळाही हाच आहे, सहा इंचाला दहा पौंड. म्हणजे ज्या मुलाला १४० जड जातोय त्याला तुम्ही १५० दिलात. वा!

हे सगळं होतं कारण इथला शाळेचा नियम. नियम असा: मुलाचं वजन पोलवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त असता कामा नये. आकडा कंपनीचाच हवा, पाऊण इंच उंचीच्या अक्षरांत, मुठीच्या जागेजवळ किंवा वर. पोल बेकायदेशीर निघाला तर स्पर्धेतून बाद. हेतू चांगला आहे, मी नाकारत नाही. दांडगट पोरगं मऊ पोलवर चढलं तर तो वाजवीपेक्षा जास्त वाकतो, मोडूही शकतो. नियम नसता तर काय काय झालं असतं याची कल्पना मला आहे. पण नियमानं एक समज रुजवला: आकडा जितका जड तितकी सुरक्षितता. नियम एकाच बाजूचा कठडा बांधतो आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे हे सांगत नाही.

आणि कठडाही चुकीच्या गोष्टीचा. पोलमध्ये जाणारी ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे आपण सगळे अकरावीत घोकलंय. वजन दहा टक्के वाढलं तर ऊर्जा दहा टक्के वाढते. वेग दहा टक्के वाढला तर एकवीस टक्के. एका मोसमात पोरांचा वाढतो तो वेग. नियम विचारतो वजन. जगातले अव्वल वॉल्टर स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जड आकड्याचे पोल वापरतात, ते काही भात जास्त खातात म्हणून नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमात तर पोल कुठल्याही पदार्थाचा, कुठल्याही लांबीचा आणि जाडीचा चालतो, वजनाची अट नाहीच.

वजन मोजायचं म्हणजे काट्यावर उभं करायचं, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनासुद्धा. पुढचं कन्येच्या परवानगीनं लिहितोय. गेल्या मोसमात तिला नीट वाकत होता तो १३० चा, आणि काट्यानं दाखवलं १३१. पुढच्या पोलपर्यंत पोचायला तिला थोडा वेग हवा होता, म्हणजे महिनाभराचा सराव. मदतनीस कोचनं सुचवलं ते वेगळंच: "दोन पौंड कमी कर, सोमवारी परत बघू." शुक्रवारी रात्री ती जेवली नाही. शनिवारी दुपारी तिच्या आईच्या लक्षात आलं. मी कोचशी बोललो, तो चांगला माणूस आहे, त्याला यात काही वावगं वाटलंच नव्हतं. त्याच्या दृष्टीनं सुटसुटीत प्रश्न होता: पोल बदलायला पाचशे डॉलर लागतात, पोरगी बदलायला काहीच लागत नाही. त्या दोन पोलांतला फरक फ्लेक्समध्ये किती होता, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिला. शेडमध्ये १३५ लिहिलेला एक पोल फ्लेक्सनं त्या १३० च्या अगदी लगतचा निघाला. कायदेशीर, फुकट, आणि चार हातांवर धूळ खात पडलेला.

नियम करणाऱ्यांना पोल न कळण्याची परंपरा मात्र मोठी आहे. १९७२ चं म्युनिक ऑलिंपिक आठवा. बॉब सीग्रेनचा नवा पोल आधी बंद, मग चालेल, मग ऐन वेळी पुन्हा बंद. कारण काय, तर आधी म्हणे त्यात कार्बन आहे (नव्हता), आणि नंतर, तो बारा महिने आधीपासून बाजारात सगळ्यांना मिळत नव्हता. सीग्रेनला परक्या पोलवर उडी मारावी लागली, सुवर्ण पूर्व जर्मनीच्या वोल्फगांग नॉर्डविगला गेलं आणि १८९६ पासून अमेरिकेकडे असलेलं हे पदक पहिल्यांदा हातून निसटलं. शेवटच्या उडीनंतर सीग्रेननं तो पोल नेऊन आयएएएफच्या आद्रियान पाउलेन यांच्या हवाली केला. ओळखीचा पोल काढून घेतला की काय होतं ते २००८ साली बीजिंगमध्येही दिसलं. ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल ऐन अंतिम फेरीत आयोजकांकडून गहाळ झाला. एकच. बाकीचे होते. तरी तिची मालिका तुटली ती तुटलीच.

तर नियम असा वेडावाकडा असला की त्याला वाटा फुटतात. सर्वांत घाणेरडी वाट म्हणजे लेबल बदलणं. मागच्या उन्हाळ्यात एक १३ फुटी, १४० पौंडी पोल बघायला मी अडीच तास गाडी हाकत गेलो. पोल देखणा होता. आकडाही देखणा होता, जरा जास्तच. बाकीची छपाई उन्हानं फिकटलेली आणि १४० तेवढा कोरा करकरीत. सीरियल नंबर शाबूत होता. मी तिथेच उभं राहून कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं: हा पोल १३० म्हणून बाहेर पडला होता. विक्रेता म्हणाला, "आकडा पुसट झाला होता म्हणून नवीन चिकटवला." पुसट झालेला तीन नवीन चिकटवताना चार होतो हे मला नवीन होतं. मी अर्थातच घेतला नाही. आठवड्यानं तोच पोल पुन्हा जाहिरातीत दिसला, या वेळी सीरियल नंबराच्या बाजूचा फोटो गाळून. पुढे तो दिसेनासा झाला. म्हणजे कुणीतरी घेतला. कुठल्यातरी शाळेत १३८ पौंडांचा एक मुलगा कायदेशीर पोल म्हणून तो घेऊन धावतोय, आणि पंच लेबल बघून मान डोलावतायत.

पोल मोडतात का? मोडतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या लाझारो बोर्गेसचा पोल पात्रता फेरीत वाकता वाकता तुकडे होऊन उडाला, जगानं पाहिलं. तो सुखरूप सुटला. चांगले पोलही मोडतात, पण जुने पोल बहुतेक वेळा मोडण्याआधी सांगत असतात, आपण ऐकत नाही. स्पाइक्सच्या बुटांचा पाय पडलेला असतो, उभ्या खांबावर आपटलेला असतो, ट्रकच्या पत्र्यावर घासत आणलेला असतो. काचतंतू तुटला की तिथून भेग पसरते. खरेदीला जाताना कापसाचा बोळा न्या आणि पूर्ण लांबीवर फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे थांबा. पांढुरका, दुधाळ डाग दिसला तर निघून या. आणि टेप काढायला लावा, लाजू नका. मधल्या भागावर, जिथे कुणीच मूठ धरत नाही तिथे, टेप कशाला गुंडाळलेली असते? नवी नवरी आहे का ती, घुंगट काढायला आढेवेढे घ्यायला?

वाहतुकीवर एक वेगळा लेख होईल. नऊ फुटांवरची वस्तू साध्या कुरियरच्या पट्ट्यात बसत नाही, म्हणून जुना पोल अडीचशेला आणि ट्रकभाडं तेवढंच, असा प्रकार. भारतात तर त्याहून कठीण. २०२६ च्या जानेवारीत राष्ट्रीय विक्रमवीर देव मीना आणि त्याचा सहकारी कुलदीप यादव यांना पोल नेतात म्हणून पनवेलला गाडीतून उतरवलं गेलं. विद्यापीठ स्पर्धा खेळून परतत होते. लाखाच्या घरातली वस्तू आणि रेल्वेच्या लेखी ती अवैध लगेज. अशा ठिकाणी पोल हातोहात फिरणारच, एकाच पोलवर पाच पोरं उडणारच, आणि म्हणूनच त्याचा इतिहास कुठेतरी लिहिलेला हवा.

माझं म्हणणं एवढंच आहे. सीरियल नंबर नसलेला पोल विकूही नये आणि घेऊही नये. शाळांनी शेडच्या दारावर यादी लावावी: नंबर, लांबी, आकडा, फ्लेक्स, कुठे काय लागलंय. पंधरा पोलांची यादी करायला एक दुपार लागते, मी केलीय, आणि त्यात आमच्या शाळेचे तीन पोल कायमचे बाद झाले. नियमात आकड्याशेजारी फ्लेक्सही दाखवणं सक्तीचं करावं. आणि ज्यांची मुलं कॉलेजला गेली त्यांनी गॅरेजच्या छताला टांगलेले पोल आठवणी म्हणून जपण्यापेक्षा उतरवावेत. फोटोंचा अल्बम ठेवा की.

सुरुवात मीच करतो. विकणे आहे: १२ फूट, १२० पौंड, फ्लेक्स कंपनीचा २१.३, माझ्या गॅरेजमधला २१.५, दोन्हींचे फोटो देईन. सीरियल नंबर शाबूत, आधी कंपनीला फोन करा, मग मला. दीड मोसम, दोन मुली, दोघी नेहमी शेंड्याजवळ धरणाऱ्या. खालचं रबरी टोक झिजलंय, नवीन घालावं लागेल. बुडापासून पाच फुटांवर एक ओरखडा आहे, नखाला लागत नाही, कापसालाही अडकत नाही. १२० पौंडांच्या खालचं पण वाढत्या अंगाचं पोर असेल तर त्याला आधी घेऊन या, सहा पावलांवरून धावून दाखवू दे. पोल उभा राहिला नाही तर मी विकणार नाही.